तेरा मिलिमीटर

माझी पट्टी खोटी आहे.
लपवत नाही. उद्यमनगरात प्रत्येक पॅटर्नवाल्याकडे
अशी एक तरी असते,
मीटर म्हणून मीटर आणि वर तेरा मिलिमीटर देणारी.
अ‍ॅल्युमिनियम निवताना अंग चोरतं.
ते चोरणार तेवढं आधीच द्यायचं असतं.

एकेचाळीस वर्षं मी सागवानाचे पंप केले,
गिअरबॉक्सची पोटं, ट्रॅक्टरचे कान.
लाल रंग, वर नंबर, मग वाळूत दाबायचं,
अलगद उचलायचं.
लाकूड पुन्हा रॅकवर.
मागे राहते पोकळी, तिच्यात रस ओततात.
मी केलेलं कुणी कधी नेलं नाही,
त्याची जागा नेली.

रेहाना अत्तार आली मोबाईलवर नऊ सेकंद घेऊन.
कुठल्याशा समुद्रात एक माणूस, फळीवर उभा,
आणि फळी पाण्यावरही नाही,
हातभर वर.
इंजिन नाही, शीड नाही, वाराही दिसत नाही.
नुसता गुडघे वाकवतो, सोडतो,
झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवावा तसा.
खाली दांडा, दांड्याला पंख, पंख पाण्यात.
"ह्याला पंपिंग म्हणतात, काका."
म्हटलं, पंप तर जन्मभर केले, बाई,
असला नाही.

टिंबर मार्केटातनं सावर आणली.
तिला वखारीत कुणी लाकूड म्हणत नाही,
काडेपेटीची जात.
मकबूलनं ओंडका एका हातावर तोलला:
"काय, उशी शिवणार हाईस?"
कडेनं शिवणीच्या पट्ट्या, रात्रभर शिकंज्यात.
सकाळी रंधा लावला तर साल अशी निघाली
की फुंकर मारायला जीव होईना.
पोटात अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, आठचे चार बोल्ट,
कारण पाणी दांडा उपटायला बघणार.
वरून काचेचं कापड, इपॉक्सी,
बोल्टच्या भोकांत तर दोनदा.
पंख इंगवल्यांच्या भट्टीत ओतला, पॅटर्न अर्थात माझाच.
तो बरोबर निवला. सांगितला तेवढाच भरला.

फळी मात्र तिनं शिवणकामाच्या टेपनं मोजली.
"मीटर सांगितली होती."
पुन्हा मोजली.
"तेरा मिलिमीटर जास्त आहे."
मी पट्टीकडे बघितलं. मग हाताकडे.
हे लाकूड वाळूत जाणार नव्हतं.
निवणार नव्हतं, चोरणार नव्हतं,
आहे तेवढंच राहणार होतं,
आणि हाताला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
कापून देतो म्हटलं.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

राजाराम तलाव, सकाळचे सव्वासहा.
दगडी कट्ट्यावरून ती धावली, फळी फेकली, उडी घेतली.
फळी गेली, ती राहिली.
मग ती गेली, फळी राहिली.
मग दोघी गेल्या, वेगवेगळ्या दिशांना.
रोजचे पोहणारे म्हातारे टॉवेल गुंडाळून बसले,
कुणी घरी जाईना.
"पोरी, पवायला येतंय न्हवं?"
"अगं, पाय टाक आन् इसर खाली पानी हाय म्हनून!"
एकानं हरभरे काढले. मलाही दिले.

बाविसाव्या खेपेला फळी उचलली.
आवाज थांबला आधी, ते पाण्यावर आपटणं.
मी मोजत होतो: गुडघा एक, दोन,
पाच, सहा,
फळी आणि पाणी यांच्यामधनं पलीकडचा काठ दिसला,
एक म्हैस दिसली, अख्खी,
शिंगांसकट,
नऊ, दहा, अकरा

आणि धप्प.

वर आली ती खोकत, हसत.
फळी कुशीवर तरंगत होती, तेरा मिलिमीटरसकट.
"शेपूट जास्त वर आहे!" ती ओरडली. "नाक उचलतंय!"
मी कानावरची पेन्सिल काढली,
तळहातावर लिहिलं: अर्धा डिग्री कमी.
पट्टी आणलीच नव्हती.